दाखल्यावर न लिहिलेले

चौथी संपली की प्राथमिक शाळेतून मुलाच्या, खरे तर त्याच्या वडिलांच्या, हाती एक कागद पडतो. त्यावर मुलाचे नाव, आईचे नाव, अंकी व अक्षरी जन्मतारीख असते. अभ्यासातील प्रगतीपुढे ‘समाधानकारक’ आणि वर्तणुकीपुढे ‘चांगली’ असे लिहिलेले असते. शाळा सोडण्याचे कारण बहुधा ‘पुढील शिक्षणासाठी’. हा दाखला पाचवीच्या शाळेत जमा झाला म्हणजे प्रवेशाचे काम संपले, असे आपण सारेच धरून चालतो. काही मुलांच्या बाबतीत मात्र काम तेथून सुरू होते, आणि ते आपणा थोरांनी करावयाचे असते, असे आमचे मत आहे. ते या स्मरणिकेच्या निमित्ताने पालकांपुढे व माजी विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

डोणगावच्या आसपासच्या, मेहकर तालुक्यातील लहान खेड्यांतून जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीपर्यंतच आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पाचवीचा वर्ग प्राथमिक शिक्षणात धरला; पण गावोगावचे वर्ग त्या हिशेबाने सर्वत्र बदलले नाहीत. त्यामुळे नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला आपली पहिली शाळा सोडावी लागते. पुढे कोणी नवोदयची परीक्षा देऊन सहावीला शेगावला जाते, कोणी तालुक्याच्या हायस्कूलला, तर कोणी आपल्यासारख्या निवासी शाळेत येते. घरापासून प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत असावी, असे राज्याचे नियम सांगतात. नियमांना मोजता येते ते अंतर एवढेच.

या वयात मूल काय सोडून येते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. दोन खोल्यांच्या शाळेत चौथीचे मूल सर्वांत थोरले असते. घंटा तेच वाजवते, परिपाठात प्रतिज्ञा तेच सांगते, खिचडीच्या वेळी पहिलीच्या पोरांना रांगेत तेच बसवते. गुरुजींना त्याच्या आजीची खोकल्याची व्यथा ठाऊक असते, त्याच्या वावरात यंदा सोयाबीन आहे की तूर, हेही ठाऊक असते. जूनमध्ये हेच मूल पाचवीत येते आणि एका दिवसात शाळेतले सर्वांत धाकटे होते. चार वर्षे एकाच गुरुजींच्या नजरेत वाढलेल्या मुलापुढे आता दर तासिकेला घंटा होऊन नवे शिक्षक येतात. ते वाईट असतात असे नव्हे. परंतु त्याचे नाव पाठ व्हायलाच त्यांना पंधरा दिवस लागतात.

बहुतेक मुले हा बदल आठ-पंधरा दिवसांत पचवतात. नवा डबा, नवे मित्र, मोठे मैदान यांचे त्यांना अप्रूपच असते. आमचा प्रश्न त्यांच्याविषयी नाही. प्रत्येक वर्गात दोन-तीन मुले अशी असतात की ज्यांना सारेच अधिक लागते. दुसऱ्याला शिक्षा झाली तरी यांचे डोळे भरतात. कोणी सहज हसले तरी ‘माझ्यावरच हसले’ असे वाटून रात्रभर झोप येत नाही. घरात अशा लेकराला कोणी ‘हळवे’ म्हणतात, कोणी ‘रडके’. दोन्ही शब्द तेच मूल ऐकत असते, आणि त्यांतला फरक त्याला नेमका कळतो.

विदर्भातील उन्हामुळे आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. नेमका तोच पेरणीचा काळ. पाऊस येऊन गेलेला असतो, वाफसा झालेला असतो, बियाण्याची पिशवी ओसरीत पडलेली असते. वडील मुलाला मोटारसायकलवर आणतात, पेटी वसतिगृहात ठेवतात आणि त्यांचे अर्धे लक्ष आभाळाकडे असते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. एक वाफसा हुकला तर वर्ष हुकते. मात्र या घाईतून एक रीत पडून गेली आहे. मूल खेळात गुंतले की त्याची नजर चुकवून निघून जायचे, म्हणजे रडारड होत नाही. आमच्या मते ही रीत सोडून द्यावी. मूल वळून पाहते तेव्हा बाप तेथे नसतो. त्या क्षणी ते जे शिकते ते असे की, खेळात रमले तर माणसे निघून जातात. मग ते रमायलाच भिते. रडू आले तरी चालेल, पण निरोप समोरासमोर घ्यावा. ‘मी आता जातो, पोळ्याला न्यायला येतो’ असे सांगून जावे आणि पोळ्याला खरोखर यावे. ‘उद्या येतो’ असे खोटे कदापि सांगू नये.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण ती आपल्याच घरातली असल्याने बोललीच पाहिजे. रडणाऱ्या मुलाला आपल्याकडे पटकन म्हटले जाते, ‘बाबासाहेबांनी एवढे सोसले, आणि तू एवढ्यातेवढ्याने रडतोस?’ म्हणणाऱ्याची श्रद्धा खरी असते. परंतु साताऱ्यातील तो मुलगा कसा उभा राहिला, हे एकदा नीट पाहावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शासकीय हायस्कूलमध्ये, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, इंग्रजी पहिलीच्या वर्गात त्याचे नाव दाखल झाले. इंग्रजी पहिली म्हणजे मराठी चौथीनंतरची इयत्ता, आजच्या पाचवीचाच टप्पा. शाळेच्या रजिस्टरमध्ये ‘भिवा रामजी आंबेडकर’ ही नोंद १९१४ या क्रमांकावर आहे. राज्यात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. मुलाचे वय तेव्हा साडेनऊ वर्षांचे. आई निवर्तलेली, घर सांभाळायला आत्या. वर्गात बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा घरून न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याखेरीज पाणी मिळायचे नाही. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात सांगितले आहे.

आता यात सोसणे आहे, हे खरे. पण याच शाळेतील आंबेडकर आडनावाच्या शिक्षकांनी मधल्या सुटीत आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी त्या मुलाला खाऊ घातली, ही आठवणही बाबासाहेबांनी मोठेपणी सांगितली आहे. ज्याने पुढे जगभरचे ग्रंथ वाचले त्याला ती भाकरी शेवटपर्यंत लक्षात राहिली. तेव्हा त्यांच्या चरित्राचा आधार मुलाचे रडणे थांबविण्यासाठी घेऊ नये. घ्यायचाच असेल तर आपण कोणाला भाकरी देतो, हे स्वतःला विचारण्यासाठी घ्यावा. आणि ज्या सोसण्याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर झुंज दिली, त्या सोसण्याचेच माप आपल्या लेकरांना लावणे आम्हांस तरी योग्य वाटत नाही.

रडणाऱ्या मुलाकडे निदान लक्ष तरी जाते. अधिक काळजी गप्प मुलाची. ‘पहिले दोन दिवस रडला, आता रमला’ हे वाक्य आपण अगदी निर्धास्तपणे बोलतो. लंडनमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक लहानसा चित्रपट तयार केला. त्यात लॉरा नावाची दोन-अडीच वर्षांची मुलगी आठ दिवस रुग्णालयात राहते. त्या काळी आईवडिलांच्या भेटीवर कडक बंधने असत. मुलगी फारशी रडत नाही, म्हणून ती ‘रमली’ असे पाहणाऱ्याला वाटावे. रॉबर्टसन यांनी दाखविले ते असे की ती रमलेली नव्हती, आतल्या आत कोंडलेली होती. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने पालकांना मुलांच्या भेटीची मोकळीक द्यावी अशी शिफारस केली, तिच्यामागे या कामाचाही वाटा होता. दहा वर्षांचे मूल अडीच वर्षांच्या मुलासारखे नसते, हे मान्य. तरी गप्प होणे आणि रमणे या दोन गोष्टी वेगळ्या, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

हीच गोष्ट आपल्या परंपरेत फार पूर्वी सांगितली गेली आहे. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला. तेव्हा आजोबा शुद्धोदनांना झालेले दुःख आणि आईबापांच्या संमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये हा त्यानंतर झालेला नियम आपल्याला ठाऊक असतो. विनयपिटकातील दुसरी कथा तेवढी सांगितली जात नाही. उपसंपदा न झालेल्यांनी भिक्खूंसोबत एका ठिकाणी झोपू नये, असा नियम झाला होता. कोसंबीला असताना भिक्खूंनी राहुलाला तो सांगितला आणि झोपण्याची जागा दुसरीकडे शोधायला लावली. त्याला जागा मिळाली नाही. तो कोणाला काही बोलला नाही. शौचगृहात जाऊन रात्र काढली. पहाटे भगवान तेथे गेले, बाहेरून खाकरले. आतून राहुलही खाकरला. ‘कोण आहे?’ ‘मी राहुल.’ सारे कळल्यावर भगवंतांनी नियमात सवलत केली आणि दोन-तीन रात्री सोबत झोपण्याची मुभा दिली.

आम्हांला या कथेत नियम शिथिल झाला याहून अधिक महत्त्वाचे वाटते ते राहुलाचे न सांगणे. आज्ञाधारक, हळवे मूल तक्रार करीत नाही. नियम आहे म्हटल्यावर ते स्वतःलाच आक्रसून घेते. कोणीतरी पहाटे उठून पाहावे लागते. वसतिगृहातील गृहप्रमुखांनी पहिल्या महिन्यात पंगतीत कोण अर्धी पोळी ठेवतो, रविवारी संध्याकाळी कोणाचे पोट दुखते, अंथरूण कोण पहाटेच गुंडाळून ठेवतो, हे पाहावे. अंथरूण ओले झाले असेल तर ते कोणाच्या लक्षात न येता बदलले जावे. यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही. एका प्रमुखाच्या वाट्याला शंभर मुले मात्र असू नयेत, आणि हा प्रश्न संस्थाचालकांनी सोडवावयाचा आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. मुलगा रमत नसेल तर ‘रमेल हळूहळू’ म्हणतात. मुलगी रमत नसेल तर ‘आणा घरी’ म्हणतात. मग धाकट्या भावंडांना सांभाळणे, निंदणीला जाणे सुरू होते आणि चौथीचा दाखला हाच तिचा शेवटचा दाखला ठरतो. हळवी मुलगी घरी आणली म्हणजे तिच्यावर दया केली असे नव्हे. तिला आठ दिवस घरी ठेवावे, माया करावी. आणि नवव्या दिवशी आईने स्वतः सोबत येऊन परत पोहोचवावे. आईची एक दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. माजी विद्यार्थी संघाला काही करावेसे वाटत असेल तर अशा दोन-चार आयांच्या जाण्या-येण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च उचलावा. सत्कार समारंभातील एका शालीच्या पैशात तो भागेल.

बाकी उपाय साधे आहेत. उन्हाळ्यातच एकदा मुलाला नवी शाळा दाखवून आणावी. वर्गापेक्षाही झोपण्याची जागा, पाण्याची टाकी आणि शौचालय दाखवावे, कारण मुलांची भीती तेथे दडलेली असते. एका गावची दोन मुले येत असतील तर ती एकाच तुकडीत ठेवावीत. शिस्तीसाठी त्यांना वेगळे करण्याचा हट्ट आम्हांला कधी पटला नाही. घरची गोधडी आणू द्यावी. फोनसाठी ठरावीक दिवस असावा आणि त्या दिवशी घरच्यांनी फोन उचलावा. बोलताना ‘तुझ्याशिवाय करमत नाही’ असे सांगून मुलावर आपल्या दुःखाचे ओझे घालू नये; गाय व्याली, विहिरीला पाणी आले, अशा गोष्टी सांगाव्यात. पोळ्यापर्यंतही मूल जेवत-झोपत नसेल, कोणाशी बोलत नसेल, तर मात्र ‘होईल सवय’ म्हणत न बसता डॉक्टरांना दाखवावे. आणि चौथीच्या गुरुजींनी शक्य झाल्यास श्रावणात एक चक्कर मारावी. जुने गुरुजी फाटकातून आत येताना दिसले की त्या मुलाचा चेहरा कसा होतो, हे पाहण्यासारखे असते.

एक सूचना विद्यालयाच्या विचारासाठी ठेवतो. येत्या जूनपासून पाचवीच्या प्रवेश अर्जासोबत एक कोरा कागद द्यावा. त्यावर सरकारी शिक्का नको, गुण नकोत. तो चौथीच्या गुरुजींनी किंवा बाईंनी भरावा. ते नसतील तर आईने सांगावे आणि कोणी लिहून घ्यावे. हे मूल कशाने रडते? रडल्यावर कशाने थांबते? त्याला अंधाराची भीती आहे का? त्याला कोणत्या नावाने हाक मारतात? वर्गात त्याचा जोडीदार कोण होता, आणि तो आता कोठे आहे? त्याला काय चांगले येते: गाणे, चित्र, गोठ्यातले काम, पाढे? हा कागद कार्यालयात फायलीला लावू नये. वर्गशिक्षकांनी आणि गृहप्रमुखांनी तो पहिल्या रात्रीपूर्वी वाचावा, आणि झोपायच्या वेळी त्या मुलाला घरच्याच नावाने हाक मारावी.