‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून ते जात नाही

औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेतून रात्री उशिरा घरी फोन केला की तिकडून ठरलेलं वाक्य येतं, ‘टेन्शन घेऊ नको.’ जणू ते तुम्ही हौसेनं घेतलंय! मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. विदिता वैद्य ताणामुळे मेंदूत काय बदलतं, हे उंदरांवर अनेक वर्षं तपासताहेत. २०२२ चं इन्फोसिस पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. सेरोटोनिन हे नुसतं ‘मूड’चं रसायन नाही, असं त्यांच्या गटानं २०१९ मध्ये दाखवलं. ते मेंदूच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया वाढवतं (दहावीला पाठ केलेलं पेशीचं ‘ऊर्जाघर’ आठवा) आणि पेशीला ताणात तग धरायला मदत करतं. म्हणजे ताण सोसायलाही इंधन लागतं. नुसती जिद्द पुरत नाही.

अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, तेव्हा गोळ्या मागायला लगेच मेडिकलवर धावू नका. पण मित्राला ‘मनानं कच्चा’ म्हणणं तरी थांबवा. झोप उडालीय, पुस्तक उघडवत नाही, असं दोन आठवडे चाललं, तर घाटीत मानसोपचार विभाग आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.