बदकं उडाली, कुत्रं हसलं!

1996च्या दिवाळीत मी लेकीला टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला होता. सोबत प्लास्टिकची बंदूक. पडद्यावर बदकं उडायची, कन्या नेम धरायची आणि बदक निसटलं की गवतातून एक कुत्रं डोकं काढून खदाखदा हसायचं. मला ते थेट आमच्या बँकेतल्या इन्स्पेक्शनच्या साहेबांसारखं वाटे! दहावीच्या वर्षी मी तो खेळ माळ्यावर टाकला, तो तिथंच राहिला.

मध्यंतरी लेक माहेरपणाला आली तेव्हा माळा आवरताना तो सापडला. यंत्र सुरू झालं, बंदूक मात्र चालेना. "बाबा, बंदूक बिघडलेली नाही, आपला टीव्ही बदललाय," लेक म्हणाली. गंमत अशी, की त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत उजेड टिपणारा डोळा असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि तो डोळा ते पाहतो. हे सारं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं. सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं आणि नेम फुकट जातो.

मग लेकीनं माझ्या कॉम्प्युटरवर 'मेडनाफेन' नावाचा एम्युलेटर घातला. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम. याला दाबायला चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. आधी प्रोग्रॅमचं नाव, मग दुसऱ्या पोर्टला बंदूक जोडली आहे असं सांगणारे शब्द, शेवटी खेळाच्या फाइलचं नाव. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल, तर ते अवतरणचिन्हांत. बंदुकीचं काम माऊस करतो. काळ्या पडद्याशी माझी ओळख शाखेत लेजर पोस्टिंगची मशीन आली तेव्हापासूनची. काय हवं ते नेमकं सांगा, ही त्याची अट मला आवडते. चित्रांवर बोट ठेवून मी बरंच काही वापरलं, पण समजलं ते इथं.

आणि समजलं म्हणूनच एक गोष्ट टोचली. 'डक हंट' हा निन्टेन्डोचा 1984चा खेळ. मी पावती घेऊन आणलेलं यंत्र आणि कार्ट्रिज, दोन्ही नक्कल होती! आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून पाहणाऱ्याच्या घरात बनावट माल! आता रीतसर पैसे मोजावेत म्हटलं, तर 2014 साली कंपनीनं हा खेळ आपल्या 'वी यू' यंत्रासाठी पुन्हा विकायला काढला होता. पण त्या यंत्राच्या ऑनलाइन दुकानातली विक्री मार्च 2023मध्ये बंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'नं पाहणी केली. तिथं 2010पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असं तीत आढळलं.

माझी पहिली कादंबरीही बाजारात मिळत नाही. पण गावातल्या वाचनालयात तिची एक प्रत आहे आणि ती वाचणाऱ्याला कुणी चोर म्हणत नाही. जुन्या खेळांनाही असं वाचनालय हवं. ग्रंथालयांनी ते संशोधकांना घरबसल्या वापरू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं 2024मध्ये फेटाळली. लोक करमणुकीसाठी खेळतील ही भीती. अहो, माझी कादंबरी तरी लोक दुसऱ्या कशासाठी नेतात?

हक्क मालकाचा, याबद्दल वाद नाही. पण जी वस्तू मालक विकत नाही, ती जपण्याचं काम आज हौशी मंडळींच्या आणि नकलांच्या भरवशावर चाललं आहे. हे ग्रंथालयांचं काम आहे. ते त्यांना करू द्यावं.

परवा रात्री मी दहापैकी सहा बदकं टिपली. बाकीच्या चारांना कुत्रं हसलं. फोनवर लेकीला सांगितलं, तर तीही तश्शीच हसली.