‘मला कसलं टेन्शन?’

विहारातल्या आरोग्य शिबिरात बीपी बघण्याआधी मी विचारते, "ताई, टेन्शन असतं का?" बहुतेक जणी हसतात. "मला कसलं टेन्शन?" असंच म्हणालेल्या, चार घरची धुणीभांडी करून आलेल्या एका ताईंचं बीपी १६०/१०० निघालं. पाण्यासाठी पहाटे साडेतीनला उठणं, नवऱ्याचं सुटलेलं काम, घर पाडायची नोटीस, सगळं त्यांनी सांगितलं. पण त्याला त्या टेन्शन म्हणत नव्हत्या. "हे तर रोजचंच आहे, सिस्टर."

रोजचं आहे म्हणूनच ते अंगाला लागतं. ताण आला की रक्तात कॉर्टिसोल वाढतं, साखर आणि बीपी चढतं. संकट टळलं की हे खाली यायला हवं. संकट टळतच नसेल तर शरीर झिजत जातं. ही झीज बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि कमरेच्या घेरात दिसते. (मीठ, मिश्री आणि आनुवंशिकताही असतेच, सगळं ताणावर ढकलू नका.) संशोधक तर केसांतलं कॉर्टिसोलही मोजतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, त्यामुळे मुळाजवळच्या ३ सेंमीत मागच्या तीन महिन्यांचा हिशेब मिळतो. आणि हा हिशेब माणूस तोंडाने सांगतो त्या ताणाशी बरेचदा जुळत नाही.

अमेरिकेत आर्लिन जेरोनिमस या संशोधिकेने २००६ साली अशा खुणा एकत्र मोजून दाखवल्या. सगळ्यांत जास्त झीज गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांची होती, आणि दुसरा क्रमांक गरीब नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा. म्हणजे पैसा आला तरी वर्णभेदाचा मार सुटला नाही. नोकरी लागून वस्तीबाहेर गेलेल्या आणि भाड्याचं घर मागताना आडनाव सांगावं लागलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको.

म्हणून "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मला पटत नाही. ताण ती ताई घेत नाही, तो तिच्यावर लादलेला आहे. ध्यान जरूर करा, मीही करते. पण ध्यानाने नळाला पाणी येत नाही.

लॅबच्या ‘स्ट्रेस पॅकेज’वर पैसे घालवू नका. कॉर्टिसोल सकाळी जास्त, रात्री कमी असतं. एका रक्ततपासणीवरून वर्षांचा ताण कळत नाही. तिशीनंतर बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, तिथे जा. आधी अर्धा तास चहा-मिश्री नको, पाच मिनिटं शांत बसा. आकडा जास्त आला तर पुन्हा मोजून घ्या. गोळी सुरू झाली तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

महिला मंडळाने विहारात एक बीपी मशीन आणि एक वही ठेवावी. दर पौर्णिमेला आकडे लिहावेत. पुढच्या वेळी पाण्याचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसला जाल, तेव्हा त्यातली नावं झाकून फक्त आकडे अर्जाला जोडा.