मीठ टाकण्याआधी नाव विचारा

पावसाळ्यात फजरनंतर परसात पाहावे, तर भिंतीवर, पपईच्या बुंध्यावर गोगलगायी चिकटलेल्या दिसतात. मुले ओरडतात आणि स्वयंपाकघरातून मिठाचा डबा बाहेर येतो. म्हणून या वेळी आम्ही या जिवांच्या खानदानाविषयी सांगणार आहोत.

शेतकरी जिला शंखी गोगलगाय म्हणतात, ती मूळची पूर्व आफ्रिकेची. तिचे शास्त्रीय नाव लिसॅकॅटिना फुलिका आणि कूळ अकॅटिनिडी. कुळाचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले, त्याचा अर्थ अकीक. शंखावरचे तपकिरी पट्टे खरोखरच अंगठीतल्या अकीकची आठवण देतात. १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणलेल्या या गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सोडल्या गेल्या. ही एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. २०२२ मध्ये लातूर-बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपे गोगलगायींनी फस्त केली, ते आपल्याला आठवत असेल.

पण याच कुळात आपल्या सह्याद्रीतली छोटीशी ग्लेसुलाही आहे. ती इथलीच, पालापाचोळ्यात राहणारी. पूर्वी तिचे कूळ वेगळे मानत. डीएनएच्या अभ्यासानंतर तिला अकॅटिनिडीत घेतले गेले. आडनाव एक झाले म्हणून एकीचा गुन्हा दुसरीच्या माथी कसा मारायचा?

हा फरक न पाहिल्याने काय होते, ते प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावर दिसले. आफ्रिकी गोगलगाय आवरण्यासाठी १९७७ मध्ये तिथे फ्लोरिडाकडची शिकारी गोगलगाय सोडली गेली. तिने बेटावरच्या निरुपद्रवी पार्टुला गोगलगायींवरच ताव मारला. दहा वर्षांत पार्टुलाच्या सातही जाती तिथल्या रानातून नाहीशा झाल्या.

अल्लाहने हजरत आदम अलैहिस्सलाम यांना वस्तूंची नावे शिकवली, हे आपण मुलांना सांगतो. मग मुलांनी नाव विचारल्याशिवाय मीठ का उचलावे? मिठाने माती बिघडते आणि जीव तडफडतो. मोठी, लांबट, टोकदार, पट्ट्यांची शंखी असेल तर हातमोजे घालून वेचावी. तिच्यातून माणसाला घातक जंतांची लागण होऊ शकते. भाजी नीट धुवावी. बंदोबस्त कसा करायचा, ते कृषी सहायकांना विचारावे. बाकीच्यांना त्यांच्या वाटेने जाऊ द्यावे. त्यांनी आपले काहीच बिघडवलेले नाही.