पाटी कोरी करण्यापूर्वी

गेल्या दिवाळीत ताईकडे बंगळुरूला गेलो होतो. मल्लेश्वरममधले तिचे घर, दारातली रांगोळी, फराळाचे डबे, सगळे दरवर्षीसारखेच होते. भाचा मात्र गप्प गप्प होता. एरवी स्टेशनवर घ्यायला आला की घर येईपर्यंत रिक्षातच कॉलेजच्या साऱ्या गोष्टी सांगून मोकळा होणारा हा मुलगा. या वेळी "मामा, प्रवास कसा झाला?" एवढे विचारून रस्त्याकडे बघत बसला. रात्री ताई झोपल्यावर मला गॅलरीत घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "मामा, बाबांचा कॉम्प्युटर गेला. आईला अजून सांगितलेलं नाही."

भावोजींना जाऊन तीन वर्षे झाली. ते मूळचे बेळगावचे. निवृत्तीनंतर रोज सकाळी चहा झाला की ते कॉम्प्युटरपुढे बसत आणि बेळगावच्या आठवणी मराठीत टंकत. खडेबाजार, टिळकवाडी, शाळेतले मास्तर, पहिल्या पगारात आईला घेतलेले लुगडे. दोन वर्षांत सव्वाशे पाने झाली. छापून घ्यायचे तेवढे राहून गेले. ताईने ती फाइल एकदाही उघडली नव्हती. "अजून धीर होत नाही," म्हणायची.

भाच्याने केले होते ते असे. कॉलेजच्या अभ्यासासाठी त्याने त्याच यंत्रावर विंडोजच्या शेजारी लिनक्सही बसवले होते. दिवाळीच्या सुट्टीत जागा कमी पडू लागली, तेव्हा हार्ड डिस्कवरचा लिनक्सचा भाग त्याने पुसून टाकला. बाबांचे सारे विंडोजच्या भागात होते, त्याला हातही लावला नव्हता. पण पुढच्या वेळी बटण दाबले तर काळा पडदा, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द : ग्रब रेस्क्यू.

घाबरून त्याने यंत्र एस. पी. रोडवरच्या एका दुकानात नेले. दुकानदाराने ते सुरू करून पाहिले आणि दोन मिनिटांत निकाल दिला : "फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकू. जुन्या डेटाची हमी नाही." सुदैवाने मुलगा 'उद्या सांगतो' म्हणून यंत्र उचलून परत घेऊन आला. ते उचलून आणले, तिथेच अर्धे काम झाले होते, हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हते.

चौकशीची खिडकी

'कॉम्प्युटर सुरूच होत नाही, आता सगळे गेले का?' हा प्रश्न या सदराचे वाचकही वारंवार विचारतात. म्हणून जरा मुळापासून पाहू.

बटण दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. आधी यंत्राच्या मुख्य पाटीवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. मेमरी आहे ना, कीबोर्ड आहे ना, डिस्क आहे ना, अशी हजेरी घेतो. मग तो डिस्कवरच्या एका ठरलेल्या जागी जातो आणि तिथे लिहिलेली सूचना वाचतो. ही सूचना म्हणजेच बूट लोडर. विंडोज कुठे ठेवले आहे ते शोधून त्याच्या हाती कारभार सोपवणे, एवढेच त्याचे काम. 'बूट' हा शब्दही गमतीचा आहे. बुटाची वादी धरून स्वतःच स्वतःला वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेवरून तो आला. बंद पडलेल्या यंत्राने स्वतःलाच उठवायचे, म्हणून.

एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी डोळ्यांपुढे आणा. कोल्हापूरची गाडी कोणत्या फलाटावर, एवढेच तिथला माणूस सांगतो. ती खिडकी बंद असली तर प्रवासी गोंधळतात, पण म्हणून गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या आपापल्या जागी उभ्याच असतात.

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर ही खिडकी किती छोटी असते? डिस्कचा पहिला कप्पा, अवघ्या ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सूचनेचे, ६४ बाइट डिस्कच्या भागांच्या नोंदीचे आणि शेवटचे २ बाइट म्हणजे 'हा कप्पा खरा आहे' अशी खूण. हा मजकूर या लेखाच्या एका परिच्छेदाहूनही लहान! ४४६ बाइटमध्ये फारसे काही मावत नाही, म्हणून लिनक्सचा ग्रब नावाचा बूट लोडर तिथे फक्त एक चिठ्ठी ठेवतो : 'बाकीचे सामान अमुक खोलीत आहे.' भाच्याने ती खोलीच पाडली होती. चिठ्ठी तेवढी उरली होती. नव्या यंत्रांत ही व्यवस्था बदलली आहे. तिथे बूट लोडरसाठी डिस्कवर एक वेगळा छोटा भाग राखलेला असतो. पण तत्त्व तेच.

एकाच यंत्रावर दोन व्यवस्था ठेवण्याची हौस बंगळुरूला नवी नाही. बेळगावात वाढलेले आणि बंगळुरूत स्थायिक झालेले अतुल चिटणीस (१९६२–२०१३) यांच्या पुढाकाराने 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांपर्यंत पोहोचवल्या. घरोघरी इंटरनेट नव्हते त्या काळात अनेक तरुणांनी लिनक्स पहिल्यांदा पाहिले ते त्या सीडीवर. पुढे २००१ मध्ये चिटणीसांनी बंगळुरूत लिनक्सची परिषदही सुरू केली. 'आपल्या बेळगावचा माणूस' म्हणून भावोजी त्यांच्याबद्दल अभिमानाने सांगत. लेकाला लिनक्सचा नाद लागला तो तिथूनच.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाच्याला म्हटले, "आधी आईला सांग. मग यंत्र उघडू." त्याने सांगितले. ताई रागावली नाही, हेच त्याला जास्त लागले. ती फक्त म्हणाली, "बघा काय होतं ते," आणि आत निघून गेली.

भाच्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर आम्ही दोन पेन ड्राइव्ह तयार केले. एकावर उबुंटू लिनक्स आणि दुसऱ्यावर विंडोज बसवण्याचे साहित्य. दोन्ही त्या त्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. यंत्र सुरू होताना एक ठराविक कळ दाबली की पेन ड्राइव्हवरून सुरुवात करता येते. बऱ्याच यंत्रांत ती एफ-१२ असते, पण कंपनीनुसार बदलते.

पहिल्यांदा लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावला. 'बसवा' आणि 'नुसते वापरून पाहा' असे दोन पर्याय येतात. इथे दुसराच निवडायचा, हे फार महत्त्वाचे. मग डिस्कला धक्का न लावता लिनक्स चालू होते आणि आतले कप्पे उघडून पाहता येतात. भाच्याने एकेक कप्पा उघडला. 'बाबा' नावाच्या कप्प्यात 'बेळगाव' ही फाइल होती. ताई स्वयंपाकघराच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळले नव्हते. "आहे का?" एवढेच तिने विचारले. "आहे, आई," भाचा म्हणाला.

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी ती फाइल, फोटो, सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्यात पाऊण तास गेला. मग विंडोजचा पेन ड्राइव्ह लावून 'संगणक दुरुस्त करा' या पर्यायात शिरलो आणि आदेशाच्या खिडकीत 'बूटरेक' हा आदेश 'फिक्स एमबीआर' या पर्यायासह दिला. हा आदेश पहिल्या कप्प्यातली सूचना नव्याने लिहितो, मात्र डिस्कच्या भागांच्या ६४ बाइटच्या नोंदीला हात लावत नाही. पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू केले, आणि भावोजींनी लावलेले गोकाकच्या धबधब्याचे चित्र पडद्यावर आले.

दुकानदार खोटे बोलला, असे मी म्हणणार नाही. गिऱ्हाइकांची रांग लागली असेल तर त्याच्या दृष्टीने फॉरमॅट हाच जलद रस्ता. डिस्कवर काय आहे आणि ते घराला किती मोलाचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पडदा एकच, कारणे अनेक

मात्र प्रत्येक वेळी शेवट असा गोड होतो, असे समजू नका. बूट लोडरवर घाला घालणारे विषाणू जुनेच आहेत. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा फ्लॉपीच्या पहिल्या कप्प्यातच घर करून राही. 'मायकेलअँजेलो' हा ६ मार्च या तारखेला डिस्कच्या सुरुवातीचा मजकूर पुसून टाकी. १९९२ मध्ये त्याची जगभर धास्ती होती, पण भीतीच्या मानाने नुकसान कमी झाले. त्याच दशकात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांनी विषाणू काढण्याचे काम हाती घेतले, आणि त्यातून 'क्विक हील' उभे राहिले.

२७ जून २०१७ रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने पहिला कप्पा तर बदललाच, शिवाय डिस्कवरच्या फाइलींची सूचीही कुलूपबंद केली. न्हावा शेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही त्याने विस्कळीत झाले. तिथे नुसती सूचना पुन्हा लिहून भागणारे नव्हते. उलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे अडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. पण त्या यंत्रांतली माहिती शाबूत होती. ती एक फाइल काढून टाकली की यंत्र चालू होत होते.

म्हणजे यंत्र अडले की वरून सारखेच दिसते. आत खिडकी बंद आहे की आगारच जळाले आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून तपासाआधी फॉरमॅट नको.

घरच्यांनी एवढे करावे

१. यंत्र सुरू झाले नाही तर पडद्यावर आलेल्या अक्षरांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरून बरेच कळते.

२. डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज येत असेल तर यंत्र लगेच बंद करा. तो बिघाड यांत्रिक असतो. घरचे प्रयोग थांबवून जाणकाराकडे जा.

३. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा कुलूपबंद असते. विंडोजच्या 'बिटलॉकर' कुलपाची ४८ अंकी किल्ली आधीच शोधून वहीत लिहून ठेवा. ती नसेल तर बूट लोडर दुरुस्त होऊनही आतले हाती लागणार नाही.

४. यंत्र दुकानात देताना पावतीवर 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये' असे लिहून घ्या.

५. आणि सर्वांत महत्त्वाचे, जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत आजच काढा. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या कुणाच्या घरी. दागिने आपण एकाच डब्यात ठेवत नाही, मग आठवणी का ठेवाव्यात?

भाऊबीजेच्या दिवशी भाचा सकाळीच बाहेर पडला आणि दुपारी एक जाड पुडके घेऊन आला. सव्वाशे पानांच्या दोन प्रती, बांधून घेतलेल्या. एक त्याने ताईच्या हातात दिली आणि दुसरी माझ्या पिशवीत टाकली. "मामा, ही पुण्याला असू दे," म्हणाला.

मला ओवाळून झाल्यावर ताई ती प्रत घेऊन खिडकीशी बसली. चष्मा लावला आणि पहिले पान उघडले. आम्ही दोघे चहा करायला आत गेलो.