दूध उतू गेलं, आता कागद बघूया

नव्या घरात पाऊल टाकलं की शेगडीवर दूध उतू घालवायचं, ही आपली रीत. पुढचे पंधरा दिवस मांडामांडीचे. पिठाचा डबा कुठे, देव कुठे, नळाला पाणी किती वाजता, घंटागाडी कधी... सगळं आपणच बघतो. आणि कागदपत्रं? ‘ते हे बघतील!’

मैत्रिणींनो, आपली गाडी अडते ती इथेच. जुलै २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’चे अर्ज सुरू झाले, तेव्हा सेतू केंद्रांपुढच्या बायकांच्या रांगा आठवतात ना? कुणाच्या रेशनकार्डात नाव नाही, कुणाच्या आधारवर माहेरचा पत्ता. संसार वीस वर्षांचा, पण तो कागदावर दिसत नव्हता!

घराचंही तसंच आहे. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. म्हणजे तीस लाखांच्या घरामागे तीस हजार रुपये वाचतात. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी आधी अट होती, तीही २०२३ मध्ये निघाली. मात्र नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत नाही. त्यामुळे काही घरांत पैसे वाचवायला तिचं नाव लागतं, पण कागद कुठल्या कपाटात आहेत हे तिला माहीत नसतं. काही घरांत याच्या उलट. बँकेच्या कर्जावर तिची सही असते, खरेदीखतात मात्र नाव नसतं. म्हणजे हप्ते फेडायची जबाबदारी तिच्यावर, पण मालकी नाही. नाव हवं आणि माहितीही हवी, दोन्ही!

म्हणून सामान लागलं की एक दुपार काढा आणि फाईल उघडा. आधी ‘इंडेक्स टू’ बघा. घर कुणाच्या नावावर आहे, क्षेत्रफळ किती, हे त्यात असतं. इमारत नवी असेल तर बिल्डरकडून भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. मग वीजबिल आणि घरपट्टी आपल्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाची थकबाकी आधी चुकती झाली ना, ते विचारा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार लागणार असेल तर तो करून घ्या. सोसायटी असेल तर भाग दाखल्यावर नाव चढलंय का ते पाहा. ‘नॉमिनी आहे की मी,’ यावर विसंबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

रेशनकार्ड, आधार, गॅस यांचे पत्ते बदला. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८ भरायचा असतो.

पहिल्या पावसात भिंतींवर नजर ठेवा. रेरा कायद्यानुसार नोंदणी झालेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तो बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत फुकट दुरुस्ती करून द्यायची असते. तक्रार तोंडी नको, लेखीच द्या. फोटो, तारीख आणि पोच जपून ठेवा.

खरेदीखतात नाव नसेल तर? हातपाय गाळू नका. नवऱ्याने राहतं घर किंवा त्यातला हिस्सा बक्षीसपत्राने बायकोला दिला, तर मुद्रांक शुल्कात मोठी सूट असते. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची परवानगी घ्यावी लागते. चांगल्या वकिलाला विचारा.

‘आत्ताच घर घेतलंय, लगेच नावाचं कसं काढू? यांना काय वाटेल?’ असं मनात येणारच. पण हा अविश्वास नव्हे. दुखणं, अपघात सांगून येत नाहीत, आणि तेव्हा ही फाईल घेऊन कचेरीत उभं राहायची वेळ आपल्यावरच येते. मग ती आजच, दोघांनी चहा पिता पिता शेजारी बसून वाचली तर काय बिघडलं?