छापलेली मर्यादा आणि खरी मर्यादा

आमची पुतणी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वडिलांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून तिला एक सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला, लेनोवोचा थिंकपॅड एक्स-२२०. मेमरी, म्हणजे रॅम, ४ जीबी. ऑनलाइन तास सुरू असताना हिशेबाची फाइल उघडली की लॅपटॉप अडून बसे. ती दुकानात मेमरी वाढवायला गेली, तर दुकानदार म्हणाला, "याला ८ जीबीच्या वर चालत नाही. विकून टाका, नवा घ्या, हप्ते करून देतो."

पोरगी घरी येऊन म्हणाली, "काका, पप्पांवर आणखी हप्ता नको. पण ८ जीबी टाकली आणि पुन्हा अडलं तर?"

वाचकहो, दुकानदार खोटे बोलला नव्हता. कंपनीच्या कागदावर ८ जीबी हाच आकडा छापलेला आहे. पण तो आकडा कशाचा, हे विचारायचे राहून गेले होते.

हे मॉडेल २०११ साली बाजारात आले. त्यात मेमरीचे दोन स्लॉट आहेत. त्या काळी ४ जीबीची स्टिक सर्रास मिळे. ८ जीबीची स्टिक दुर्मीळ आणि फार महाग होती. चार दुणे आठ! कंपनी जेवढे तपासते आणि ज्याची हमी देते, तेवढेच छापते. पुढे ८ जीबीच्या स्टिक स्वस्त झाल्या, पण जुना कागद तसाच राहिला.

मेमरीचा कारभार पाहतो प्रोसेसर. या लॅपटॉपमधल्या आय-५ २५२०एम प्रोसेसरसाठी खुद्द इंटेलने १६ जीबीची मर्यादा दिली आहे. म्हणून ८ जीबीच्या दोन स्टिक यात चालतात, आणि अनेकांनी त्या चालवल्या आहेत. ॲपलच्या २०११ च्या मॅकबुक प्रोचीही हीच कथा: कागदावर ८, प्रत्यक्षात १६.

मात्र प्रत्येक वेळी कागद खोटा ठरवता येईल, असे कोणी समजू नये. थिंकपॅड एक्स-२४० मध्ये स्लॉट एकच आहे. त्याच्या प्रोसेसरची मर्यादा १६ जीबी लिहिलेली असली, तरी ती दोन वाटांत मिळून आहे. एका स्टिकला ८ च्या वर तो ओळखत नाही. तिथे १६ ची स्टिक घेतली तर पैसे पाण्यात.

तेव्हा खर्चाआधी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, लॅपटॉप खरोखर मेमरीमुळेच अडतो का? टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरलेली दिसते का ते बघा. जुनी हार्डडिस्क हे कारण असेल, तर आधी एसएसडी बसवा. दुसरी, प्रोसेसरचे पूर्ण नाव आणि स्लॉट किती, हे लिहून घ्या. नव्या पुष्कळ लॅपटॉपांत मेमरी बोर्डावरच डाखलेली असते. तिथे काहीच करता येत नाही. तिसरी, जात बघा. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसतच नाही. चौथी, विंडोज ३२ बिटचे असेल तर ४ जीबीच्या पुढची मेमरी ते वापरतच नाही. ६४ बिटचे हवे.

दुकानदाराला आधीच विचारावे, "चालली नाही तर परत घ्याल का?" हो म्हणाला तर बिलावर लिहून घ्यावे. हमी कंपनी देत नाही, म्हणून ती आपण दुकानात मागायची.

आमच्या पुतणीने तसेच केले. लॅपटॉप बंद करून चार्जर आणि बॅटरी काढली, हात लोखंडी खिडकीला लावून अंगातली स्थिर वीज उतरवली. स्टिक तिरकी घालून दोन्ही बाजूंचे चाप टक्क वाजेपर्यंत दाबली. सुरू केल्यावर पडद्यावर आकडा आला, १६. तेवढ्यावर आम्ही थांबलो नाही. मेमटेस्ट८६+ हे फुकट मिळणारे तपासणीचे साधन रात्रभर चालवले. सकाळी एकही चूक नव्हती. चूक निघाली असती, तर स्टिक त्याच दिवशी परत गेली असती. कारण बिघडलेली मेमरी फाइली गुपचूप खराब करते.

एक मात्र सांगून ठेवतो. मेमरी वाढली म्हणून लॅपटॉप तरुण होत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि इतक्या जुन्या लॅपटॉपला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून तिने त्यावर फुकट मिळणारे लिनक्स टाकून घेतले. आता तास आणि हिशेबाची फाइल एकत्र चालतात.

नवा हप्ता वाचला. कोणी "एवढेच चालते" म्हणाले, तर भांडू नये आणि मुकाट्याने मानही डोलावू नये. "ही मर्यादा कोणी ठरवली आणि कशावरून?" एवढे विचारावे. उत्तर पटले तर ऐकावे, नाही तर स्वतः तपासावे.